पन्नास हजारांत आज गेमिंग पीसी, पुढच्या वर्षी त्यातच भर: कुठले भाग आधी, कुठले नंतर?

तळजाई

बजेट ५०,००० रुपये, फक्त डब्यासाठी. मॉनिटर (१०८०पी, ७५ हर्ट्झ, एचडीएमआय), कीबोर्ड, माउस घरात आहेत. गेम म्हणाल तर व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए व्ही, माइनक्राफ्ट. अधूनमधून एखादा मोठा सिंगल प्लेअर गेम मीडियम सेटिंगवर चालला तरी पुरे. पुढच्या वर्षी आणखी वीस-पंचवीस हजार घालता येतील. अट एकच: आज घेतलेली वस्तू तेव्हा भंगारात जाऊ नये.

दोन कोटेशन हातात आहेत.

एक ऑनलाइन जाहिरातीतलं, तयार 'गेमिंग पीसी': आय५ थर्ड जनरेशन, एच६१ बोर्ड, १६ जीबी डीडीआर३, ५१२ जीबी एसएसडी, जीटी ७३० ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉट एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), काचेचं आरजीबी कॅबिनेट. बजेटच्या निम्म्यात बसतं.

दुसरं पुण्याच्या तपकीर गल्लीतलं (कॉम्प्युटरच्या भागांचा बाजार): रायझन ५ ५६००जी, ए५२०एम बोर्ड (रॅमचे दोन स्लॉट), ८ जीबीची एकच स्टिक, ५०० जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), कॅबिनेटसोबत येणारा एसएमपीएस. ग्राफिक्स कार्ड नाही.

कल दुसऱ्याकडे आहे. त्यात काय बदलावं?

रानजाई

पहिल्याचा विचार सोडा. स्वस्त आहे म्हणून मोह होतो, पण तुमची अट तिथे पहिल्याच दिवशी मोडते. थर्ड जनरेशन म्हणजे २०१२चा प्रोसेसर, चार कोअर, चार थ्रेड. त्या ११५५ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो ती बैठक) पुढे काय बसेल? फार तर त्याच वर्षाचा आय७-३७७०. म्हणजे वाढवायचं म्हटलं की बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही बदला. डीडीआर३ रॅम नव्या बोर्डात बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. बोर्डही बहुधा मूळ कंपनीचा नसतो. जुना चिपसेट घेऊन नव्याने बनवलेले बिननावाचे बोर्ड या जाहिरातींत सर्रास असतात आणि त्यांचं बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट शोधून मिळत नाही.

आता खेळांचं. या प्रोसेसरात एव्हीएक्स२ सूचना नाहीत, त्या पुढच्या पिढीत, २०१३मध्ये आल्या. काही नवे गेम त्यामुळे सुरूच होत नाहीत, सेटिंग कितीही कमी करा. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप किंवा तशी सोय) लागतं. वळसे घालून टाकता येतं, पण विंडोज ११वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअर अस्सल आहे ना, याची तपासणी) दोन्ही तपासतो आणि नसेल तर उघडत नाही. तुमच्या यादीतला पहिलाच गेम गेला.

आणि जीटी ७३०वरच्या त्या '४ जीबी'ला भुलू नका. कार्डाचा वेग मेमरी किती यावर नाही, ती किती वेगाने वाचता येते यावर जास्त ठरतो. ६४ बिटची डीडीआर३ असलेलं जीटी ७३० सेकंदाला साधारण १४ जीबी वाचतं. तुमच्या दुसऱ्या कोटेशनमधल्या ५६००जीला दोन स्टिक लावल्या तर त्याला ५१ जीबी मिळतात, कार्डाशिवाय. आरएक्स ६६०० कार्ड घेतलं तर २२४.

खटका

वर आलंच आहे, तोच धागा पकडतो. दुसऱ्या कोटेशनमधली सगळ्यात मोठी चूक ती एकच स्टिक.

५६००जीच्या आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते सिस्टमची रॅम वापरतं. ३२०० मेगाहर्ट्झची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन लावल्या की दोन्ही चॅनल चालू होऊन ५१.२. गेममधल्या फ्रेम एका स्टिकवर तिसेक टक्क्यांनी पडतात, कधी त्याहून जास्त. शिवाय ८ जीबीतले दोन जीबी ग्राफिक्सने धरले की विंडोज आणि गेमला सहा उरतात. जीटीए व्ही तिथेच अडखळायला लागतो. म्हणून ८+८, ३२०० मेगाहर्ट्झ, सीएल१६ (रॅमच्या प्रतिसादाचा आकडा, कमी तेवढा बरा). हे तडजोडीचं कलम नाही.

इथेच बोर्डाचा प्रश्न येतो. दोन स्लॉटच्या ए५२०एमवर ८+८ लावलं की स्लॉट भरले. उद्या ३२ जीबी हवेत तर दोन्ही काढून विकाव्या लागतील. त्यामुळे चार स्लॉटचा बी५५०एम बघा. एसएसडीसाठीचा दुसरा एम.२ स्लॉट बहुतेकांवर असतो, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक असतो, आणि पुढे प्रोसेसर बदलला तर पीसीआय एक्स्प्रेस ४.० (कार्डाच्या स्लॉटचा नवा, वेगवान प्रकार) मिळतं. ए५२०वर ते कधीच मिळणार नाही.

आज मात्र ५६००जी लावल्यावर बी५५०वरही ३.०च चालतं, कारण मर्यादा प्रोसेसरची आहे. त्यामुळे कार्ड निवडताना लेन (कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या डेटाच्या वाटा) बघा. आरएक्स ६६०० आठ लेनचं आहे, ३.०वर थोडंसंच नुकसान होतं, चालेल. आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेनचं आणि ४ जीबीचं, ते ३.०वर फार मार खातं. स्वस्त दिसलं तरी या बोर्डावर नको. नव्यांत आरएक्स ९०६० एक्सटी पूर्ण १६ लेनचं आहे, म्हणून जुन्या प्लॅटफॉर्मला ते चांगलं बसतं.

ओहम

एसएमपीएसवर कोणी बोललं नाही अजून. तुमची 'पुढच्या वर्षी भर' ही अट सगळ्यात आधी तिथेच अडकेल.

कॅबिनेटसोबत येणाऱ्या एसएमपीएसवर '४५० वॉट' छापलेलं असतं. तो आकडा वाचू नका. बाजूच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ने गुणा. १४ अँपिअर असतील तर १६८ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही याच लाइनवर जगतात. आरएक्स ६६०० एकटं १३२ वॉट घेतं, प्रोसेसर ८०-९०, बोर्ड-पंखे-एसएसडी मिळून ३०-४०. बेरीज अडीचशेच्या आसपास. त्या डब्यातून एवढं निघत नाही, आणि निघायला गेलं की गेम रंगात असताना पीसी फटकन रीस्टार्ट होतो. लोक विंडोज पुन्हा टाकतात, रॅम बदलतात, दोष मात्र एसएमपीएसचा असतो.

दुसरी खूण कनेक्टरची. साध्या एसएमपीएसला कार्डासाठी ६+२ पिनची वायर नसते. मग दुकानदार साटा (हार्डडिस्कला वीज देणारा प्लग) ते आठ पिन असा जोड देतो. साटा प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे ५४ वॉट. आठ पिनचा प्लग मात्र १५० वॉटपर्यंत मागू शकतो. हा जोड वितळतो. फुकट दिला तरी घेऊ नका.

५५० वॉट, ८० प्लस ब्रॉन्झ (कार्यक्षमतेचा दर्जा), नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा घ्या. १५०-१६० वॉटचं कार्ड त्यावर आरामात चालतं. लेबलवर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असावं. काही स्वस्तांवर २००-२४० असतं. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८०वर उतरतं अशा गावात ते पुन्हापुन्हा बंद पडतात. १००-२४०च्या एसएमपीएसला वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही.

भीमथडी

मी वेगळं मत मांडतो. ५६००जीचं एएम४ सॉकेट २०१६चं आहे, त्यात नवीन पिढी येणार नाही. 'पुढे वाढवता येणारा' हवा असेल तर एएम५ का नाही? ८५००जी किंवा ८६००जी घ्या, डीडीआर५ मिळेल, रायझन ९००० त्याच बोर्डात बसतात, आणि एएमडीने २०२७पर्यंत तरी हे सॉकेट चालू ठेवायचं म्हटलं आहे.

खटका

@भीमथडी, तत्त्व म्हणून तुमचं बरोबर आहे. बजेट ८० हजार असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण ५० हजारांत दोन अडचणी आहेत.

एक, २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले. कारखाने डेटा सेंटरसाठी मेमरी बनवण्यात गुंतले आणि घरगुती रॅमला फटका बसला. डीडीआर४ही महागली, पण ती जुनी-वापरलेली बाजारात भरपूर आहे, डीडीआर५ तशी नाही. वापरलेली रॅम ही सेकंडहँडमधली सगळ्यात कमी जोखमीची वस्तू आहे: मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर टाका, चार फेऱ्या होऊ द्या, एकही लाल ओळ आली नाही तर घ्या. दोन्ही स्टिक एकाच मॉडेलच्या असाव्यात एवढं पाळा.

दोन, ८५००जी. हा प्रोसेसर ग्राफिक्स कार्डाला चारच लेन देतो. पुढच्या वर्षी कार्ड घालायचं म्हणून घेतलेल्या पीसीत हा अडथळा स्वतःहून का आणायचा? ८६००जी आठ लेन देतो, पण बोर्ड आणि डीडीआर५ धरून तो यांच्या बजेटमध्ये बसत नाही.

एएम४ मेलेलं सॉकेट आहे असंही नाही. ५६००जी काढून आठ कोअरचा ५७००एक्स त्याच बोर्डात बसतो. कॅशे (प्रोसेसरमधली वेगवान मेमरी) ५६००जीमध्ये १६ एमबी आहे, ५७००एक्समध्ये ३२. कार्ड लावल्यावर तो फरक दिसतो.

भीमथडी

८५००जीच्या लेनबद्दल मान्य. मग एक तिसरा पर्याय नोंदवतो: आय३-१२१००एफ, डीडीआर४चा एच६१० बोर्ड, आणि कार्ड आत्ताच. चार कोअर, आठ थ्रेड, पण एकेक कोअर दमदार आहे, आणि कार्डाला पीसीआय एक्स्प्रेस ४.० मिळतं. पुढे त्याच बोर्डात आय५-१२४००एफ. ज्याला आजच मोठे गेम खेळायचेत त्याच्यासाठी हा ५६००जीपेक्षा सरस. मात्र 'एफ'वाल्यात आतलं ग्राफिक्स नसतं. कार्ड बिघडून वॉरंटीत गेलं की ते परत येईपर्यंत पडद्यावर काहीच नाही. आणि या पर्यायात कार्डासाठी एसएमपीएसवर काटकसर करायची इच्छा होते, ती आवरा.

तळजाई

खूप स्पष्ट झालं. आज कार्डाशिवाय चालतं, कारण रोजचा खेळ व्हॅलोरंटच आहे. ५६००जीवर फ्रेम साधारण किती धरायच्या? आणि सेकंडहँड कार्ड किंवा जुना ऑफिस डेस्कटॉप हा मार्ग कसा? लोडशेडिंगसाठी यूपीएसही घ्यायचा आहे.

रानजाई

दोन स्टिक धरून: व्हॅलोरंट १०८०पी लो, शंभरच्या वर. जीटीए व्ही १०८०पी नॉर्मल, साठच्या आसपास. माइनक्राफ्टला चिंता नाही, शेडर (प्रकाश-सावलीचे मॉड) मात्र टाकू नका. काउंटर-स्ट्राइक २ला ७२०पी किंवा एफएसआर (कमी रेझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणं) चालू करावं लागेल, धुराच्या बॉम्बच्या वेळी फ्रेम पडतात. बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफर (ग्राफिक्ससाठी राखलेली रॅम) २ जीबीवर ठेवा. विंडोज मग १६ऐवजी १४ जीबी रॅम दाखवेल, ते बरोबर आहे. मोठे सिंगल प्लेअर गेम कार्ड येईपर्यंत ठेवून द्या.

एकतारी

ऑफिस डेस्कटॉपबद्दल. आठव्या पिढीच्या आधीचा घेऊ नका, विंडोज ११चं कारण वर आलं आहे. आय५-८५०० (सहा कोअर) असलेले ऑप्टिप्लेक्स ७०६०, एलिटडेस्क ८०० जी४ हे बरे. पण वाढवायच्या दृष्टीने ते कोंडलेले आहेत. एसएमपीएस आणि बोर्ड यांच्यातला प्लग नेहमीचा २४ पिनचा नसतो, त्यामुळे बाजारातला एसएमपीएस सरळ बसत नाही. बोर्ड दुसऱ्या कॅबिनेटमध्ये हलवला तर पॉवर बटणाचा कनेक्टर जुळत नाही, आणि पुढचा पंखा जोडलेला नाही म्हणून प्रत्येक वेळी सुरू होताना एरर येते. त्यात बसतं ते पॉवर कनेक्टर नसलेलं कार्ड: आरटीएक्स ३०५० ६ जीबी, ७० वॉट. अरुंद डबा असेल तर त्याचंच लो प्रोफाइल मॉडेल. काही अरुंद मॉडेलांत स्लॉटची वॉट मर्यादाच कमी ठेवलेली असते, मॅन्युअल बघून मगच पैसे द्या. बजेट २५-३० हजार असणाऱ्याला हा मार्ग मी जरूर सुचवेन. ५०ला नाही.

सेकंडहँड कार्डात तीन गोष्टी. जीटीएक्स १०५० टीआय, १०६० ही पास्कल पिढी. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५नंतर त्यांना नव्या गेमचे ड्रायव्हर देणं थांबवलं, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात. १६५०, १६६० सुपरला अजून मिळतात, पण रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांची गणना) सक्तीचं असलेले नवे गेम त्यांवर उघडत नाहीत. आरएक्स ६६००वर उघडतात. 'आरएक्स ५८० ८ जीबी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ कार्डांत २३०४ऐवजी २०४८ शेडर (कार्डातले गणना करणारे घटक) असतात. जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये शेडरचा आकडा वाचला की कळतं.

घेताना समोर चालवून बघा. फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) १५ मिनिटं लावा. पडद्यावर ठिपके, रंगीत पट्टे आले तर मेमरी गेलेली. तापमान दोन-तीन मिनिटांतच नव्वदीला जाऊन वेग पडला तर पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) किंवा पंखा खराब. पेस्ट बदलता येते, मेमरीच्या भानगडीत पडू नका. मागच्या स्क्रूवरचं स्टिकर आणि सिरियल नंबरचा बारकोड शाबूत आहे ना, तेही बघा.

ओहम

यूपीएस: ६०० व्हीए म्हणजे बहुतेकदा ३६० वॉटच. कार्ड आल्यावर पीसी अडीचशे आणि मॉनिटर पंचवीस-तीस, म्हणजे काठावर. १००० व्हीए, ६०० वॉटचा घ्या, पुढच्या वर्षी बदलावा लागणार नाही. तो खेळत राहण्यासाठी नाही, सेव्ह करून शटडाउन करण्यापुरता आहे. घरात इन्व्हर्टर असेल आणि तो साइन वेव्हचा असेल तर त्याच्या मागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये वीज पलटायला उशीर लागतो आणि पीसी तेवढ्यात बंद पडतो.

याहून महत्त्वाचं, अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात ही तक्रार जुन्या घरांत नेहमीची आहे. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले लहान कपॅसिटर असतात. अर्थ वायर नसेल तर बॉडीवर साधारण निम्मं, शंभर-सव्वाशे व्होल्ट येतं. करंट अगदी कमी, पण एचडीएमआय केबल चालू पीसीला लावताना पोर्ट उडायला तेवढं पुरतं. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटर लावून घ्या: फेज-अर्थ २३०च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरी पिन मोडून दोन पिनच्या बोर्डात खुपसणं बंद. हे काम पीसी घरी येण्याआधी करा.

तळजाई

मग यादी अशी करतो: ५६००जी, चार स्लॉटचा बी५५०एम, ८+८ जीबी ३२००, ५०० जीबी एनव्हीएमई, ५५० वॉट ब्रॉन्झ, पुढून जाळीचं कॅबिनेट. पुढच्या वर्षी कार्ड. ५०० जीबी पुरेल? जोडणी घरीच करणार आहोत, कुठे हात थांबवायचा ते सांगा.

खटका

एसएसडी: जीटीए व्ही आणि काउंटर-स्ट्राइक २ मिळूनच दोनशे जीबीच्या घरात जातात. सुरुवातीला ५०० पुरेल, दुसरा एम.२ स्लॉट त्यासाठीच आहे. फक्त एनव्हीएमईच घ्या; एम.२ आकाराची साटा एसएसडीही मिळते, ती दिसायला तशीच, पण काही स्लॉटमध्ये ओळखलीच जात नाही.

जोडणीत हे सांभाळा. ५६००जीच्या डब्यातला कूलर चार स्क्रूने मागच्या पट्टीवर बसतो. आधी बोर्डावरच्या दोन प्लास्टिकच्या पकडी काढाव्या लागतात, आणि त्या काढल्या की मागची पट्टी सुटून खाली पडते. बोर्ड खोक्यावर आडवा ठेवून पट्टी बोटांनी धरा. स्क्रू तिरप्या क्रमाने, दोन-दोन वेढे देत आवळा. पेस्ट आधीच लावलेली असते, वर आणखी नको. पुढे कधी कूलर काढायचा झाला तर पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून उचला. थंड असताना सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. एएम४मध्ये हा अपघात फार होतो.

रॅम प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्या-दुसऱ्यात लावल्या तर एकच चॅनल चालतं. प्रोसेसरची ४+४ आणि कार्डाची ६+२ वायर सारख्या दिसतात, आकार वेगळा असतो. जात नसेल तर जोर लावू नका. कॅबिनेटच्या समोरच्या यूएसबी ३.०चा निळा-काळा प्लग खाच बघून सरळ दाबा, त्याच्या पिना सहज वाकतात.

रानजाई

पहिल्यांदा चालू झाल्यावर, विंडोज टाकायच्या आधी, बायोसमध्ये जा. एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅमला पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२००ची रॅम २१३३ किंवा २४००वर चालत राहते आणि ग्राफिक्स लंगडतं. सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद, एफटीपीएम (प्रोसेसरमधलं टीपीएम) चालू, सिक्युअर बूट चालू. हा क्रम आधी केला तर विंडोज जीपीटी (नव्या पद्धतीची मांडणी) डिस्कवर बसतं आणि व्हॅलोरंट तक्रार करत नाही. नंतर केला तर डिस्क बदलण्याचा उपद्व्याप करावा लागतो.

कार्ड बसवाल त्या दिवशी एचडीएमआय केबल बोर्डावरून काढून कार्डात लावा. 'कार्ड घेतलं पण फ्रेम तेवढ्याच' या तक्रारीचं कारण बहुधा तिथेच सापडतं.

एकतारी

बिलाचं राहिलं. जीएसटीचं बिल घ्या आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर त्यावर लिहून घ्या. 'असेंबल्ड पीसी, १ नग' असं एका ओळीचं बिल वॉरंटीला अडचणीचं ठरतं. प्रोसेसर बंद खोक्यातलाच मागा. ट्रेमधला सुटा प्रोसेसर स्वस्त मिळतो, पण त्यासोबत कूलर येत नाही आणि तीन वर्षांची वॉरंटीही नाही. बोर्ड, एसएमपीएस आणि रॅमची खोकी माळ्यावर टाका, वॉरंटीला पाठवताना आणि विकताना दोन्ही वेळा लागतात. भाव आठवड्याला हलतात, म्हणून तपकीर गल्लीत दोन-तीन दुकानांतून एकाच दिवशी, याच यादीवर, भागवार कोटेशन मागा. पुण्यात रॅम महाग सांगत असतील तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचाही भाव फोनवर विचारून घ्या.